१४,५८,५४५ : गोव्याच्या एका आकड्याची झडती

२०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. त्यात पुरुष ७,३९,१४० आणि स्त्रिया ७,१९,४०५. जिल्हावार बघितलं तर उत्तर गोवा ८,१८,००८ आणि दक्षिण गोवा ६,४०,५३७. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं हे आकडे घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. इथे आपण यातला पहिला आकडा निव्वळ संख्या म्हणून हातात घेणार आहोत. त्याला कशाकशाने भाग जातो, तो कुठल्या मूळ संख्यांच्या गुणाकारातून झालाय, त्याचे विभाजक किती, तो वर्गांच्या बेरजेत मांडता येतो का, हे सगळं कागद, पेन्सिल आणि मोबाईलवरचा साधा कॅल्क्युलेटर एवढ्यावर काढायचं. रीत कुठल्याही सहा-सात अंकी संख्येला जशीच्या तशी लागू पडते.

सात अंकीच का? तीन अंकी संख्येत युक्तीची गरजच पडत नाही, आणि वीस अंकी संख्येपुढे हाताने काही चालत नाही. सात अंकांत मात्र नुसता रेटा लावला तर संध्याकाळ जाते आणि डोकं लावलं तर अर्ध्या तासात काम उरकतं.

आधी आकडा तपासा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. गोव्याच्या त्याच जनगणनेचा १४,५७,७२३ हा आकडाही छापलेला सापडतो. तो सुरुवातीला जाहीर झालेला तात्पुरता आकडा. अंतिम आकड्याहून ८२२ने कमी. लोकसंख्येच्या हिशेबात ८२२ म्हणजे किरकोळ, पण संख्येच्या गुणधर्मांच्या बाबतीत एकाचा फरकसुद्धा सगळं उलटंपालटं करतो. १४,५७,७२३ला २, ३, ५, ७, ११, १३ यांपैकी एकानेही भाग जात नाही. आपल्या आकड्याचं तसं नाही, ते पुढे दिसेलच.

तपासणीसाठी दोन गाळण्या वापरा. पहिली नवाची: अंकांची बेरीज करत एका अंकावर या. पुरुषांच्या आकड्याची बेरीज २४, म्हणजे ६. स्त्रियांची २६, म्हणजे ८. सहा आणि आठ चौदा, म्हणजे ५. एकूण आकड्याची बेरीज १+४+५+८+५+४+५ = ३२, म्हणजे ५. जुळलं. पण उतरवून घेताना शेजारचे दोन अंक आलटून पालटून लिहिले गेले, म्हणजे १४,५८,५४५च्या जागी १४,८५,५४५ झालं, तर ही गाळणी गप्प बसते, कारण बेरीज तीच राहते. आणि हातून ही चूक बऱ्याचदा होते.

म्हणून दुसरी गाळणी अकराची. उजवीकडून सुरुवात करून अंक एकाआड एक अधिक-उणे करत जायचं:

५ − ४ + ५ − ८ + ५ − ४ + १ = ०

पुरुषांच्या आकड्याचं उत्तर −१६ येतं, म्हणजे अकराने भागल्यावर बाकी ६. स्त्रियांचं −६, म्हणजे बाकी ५. सहा आणि पाच अकरा, म्हणजे बाकी शून्य. एकूण आकड्याचंही शून्यच. अंक उलटले असते तर १४,८५,५४५चं उत्तर ६ आलं असतं आणि चूक तिथल्या तिथे पकडली गेली असती. दोन्ही जिल्ह्यांचे आकडे घेऊन हीच तपासणी करून बघा. तिथेही बाक्या ४ आणि ७ येतात आणि त्यांची बेरीज अकराच होते.

लहान भाजक

शेवटचा अंक ५, म्हणून संख्या विषम आणि पाचाने भाग जाणारी. अंकांची बेरीज ३२, म्हणून ३ आणि ९ बाद. आता ७, ११ आणि १३ यांच्या तीन वेगवेगळ्या कसोट्या पाठ करण्यापेक्षा एकच कसोटी शिका. ७ × ११ × १३ = १००१. त्यामुळे संख्येचे उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडले आणि ते एकाआड एक अधिक-उणे केले, तर जे उत्तर येतं त्याची ७, ११ आणि १३ने भागल्यावरची बाकी सुरुवातीच्या संख्येच्या बाकीइतकीच असते.

५४५ − ४५८ + १ = ८८

८८ला सातने भागलं तर बाकी ४, तेराने भागलं तर बाकी १०, आणि अकराने पूर्ण भाग. एका ओळीत तिन्हींचा निकाल लागला.

इथे एक खड्डा आहे आणि माझ्याकडे फोंड्याला शिकवणीला येणारी मुलं त्यात हमखास पडतात. आपण लिहितो १४,५८,५४५. स्वल्पविराम लाख-हजाराच्या हिशेबाने पडतात, आणि मुलं तेच गट उचलतात: ५४५ − ५८ + १४ = ५०१. “सर, अकराने भाग जात नाही, बाकी सहा राहते!” गट तीन-तीनचेच हवेत, कारण कसोटीचा सगळा आधार एक हजार या पायरीवर आहे. कसोटी लावण्याआधी संख्या स्वल्पविराम न देता लिहून काढा: १४५८५४५. मगच उजवीकडून तिनाच्या अंतराने रेघा मारा.

पाचाने भागायचं तर भागाकार मांडत बसू नका. दुप्पट करा आणि शेवटचं शून्य उडवा: २९१७०९०, म्हणजे २,९१,७०९. त्याला अकराने भागलं की २६,५१९. अकराने परत भाग जातो का? ९ − १ + ५ − ६ + २ = ९. नाही.

आतापर्यंतची कमाई अशी: १४,५८,५४५ = ५ × ११ × २६,५१९.

कुठवर शोधायचं?

एखादी संख्या दोन संख्यांचा गुणाकार असेल तर त्यातली लहान संख्या वर्गमुळापेक्षा मोठी असू शकत नाही. १२०७ चा वर्ग १४,५६,८४९ आणि १२०८ चा १४,५९,२६४. म्हणजे सुरुवातीला आपली शोधाची हद्द १२०७ होती, आणि तिथवर १९७ मूळ संख्या आहेत. पण एकेक अवयव सापडला की हद्दही आत सरकते. २६,५१९चं वर्गमूळ १६२च्या थोडं पुढे. तिथवर फक्त ३७ मूळ संख्या. पाच आणि अकरा काढून टाकल्यावर १९७चे ३७ झाले. बरेच जण सुरुवातीला काढलेली हद्दच शेवटपर्यंत धरून बसतात आणि उगाच दमतात.

३, ७ आणि १३ आधीच बाद झालेत. सुरुवातीच्या संख्येला ज्याने भाग गेला नाही त्याने तिच्या तुकड्यालाही जाणार नाही. उरले १७पासून पुढचे. कॅल्क्युलेटरवर बाकी काढायची रीत अशी: भागाकार करा, दशांशचिन्हाच्या आधीचा भाग वजा करा, उरलेल्याला भाजकाने गुणा. २६५१९ ÷ १७ = १५५९.९४११…, १५५९ वजा केले की ०.९४११…, गुणिले १७, म्हणजे १६. बाकी सोळा. (तोंडीच दिसतं खरं तर: १७ × १५६० = २६५२०, एकाने हुकलं.) १९ने बाकी १४. आता २३. हा भागाकार हातानेच मांडा: सव्वीसमध्ये तेवीस एकदा, उरले ३. पाच खाली घेतला, ३५, पुन्हा एकदा, उरले १२. एक खाली घेतला, १२१, पाच वेळा ११५, उरले ६. नऊ खाली घेतला, ६९, तीन वेळा. बाकी शून्य. भागाकार ११५३.

पुन्हा हद्द बदला. ३३ चा वर्ग १०८९ आणि ३४ चा ११५६, म्हणजे ११५३साठी ३३पर्यंतच्या मूळ संख्या बघायच्या. त्यातल्या २३च्या आधीच्या सगळ्या बाद झालेल्याच आहेत. उरल्या तीन: २३ने बाकी ३, २९ने बाकी २२, ३१ने बाकी ६. म्हणून ११५३ मूळ संख्या.

१४,५८,५४५ = ५ × ११ × २३ × ११५३

उत्तर लिहिल्यावर नवाच्या गाळणीतून एकदा काढा: ५, २, ५, १ यांचा गुणाकार ५०, म्हणजे ५, आणि सुरुवातीच्या संख्येचेही ५च होते.

मूळ संख्या या टापूत किती दाट असतात? संख्येच्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतक्या संख्यांमागे सरासरी एक, हा अंदाज गाऊसने बांधला आणि १८९६मध्ये आदामार आणि द ला वाले पूसाँ यांनी तो स्वतंत्रपणे सिद्ध केला. आपल्या आकड्याचा लॉगॅरिदम १४.२च्या आसपास, म्हणजे इथे साधारण चौदा संख्यांमागे एक मूळ संख्या भेटते. गोव्यात जन्मलेले दा. ध. कोसंबी (१९०७–१९६६) आपल्याला इतिहासकार म्हणून माहीत असतात, पण त्यांचा पेशा गणिताचा. अखेरच्या वर्षांत मूळ संख्यांकडे संभाव्यतेच्या वाटेने जाण्याच्या प्रयत्नात तेही होते.

अवयव हातात आल्यावर

खरी मेहनत इथे संपली. पुढचं बरंचसं या चार संख्यांमधून आपोआप निघतं.

विभाजक किती? प्रत्येक मूळ अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, दोनच पर्याय. २ × २ × २ × २ = १६. ते जोड्यांनी लिहा, म्हणजे एकही निसटत नाही:

१ × १४,५८,५४५
५ × २,९१,७०९
११ × १,३२,५९५
२३ × ६३,४१५
५५ × २६,५१९
११५ × १२,६८३
२५३ × ५,७६५
१,१५३ × १,२६५

शेवटच्या जोडीकडे लक्ष ठेवा, तिची गरज पडणार आहे.

सगळ्या विभाजकांची बेरीज हवी असेल तर सोळा संख्या मांडून बेरीज करू नका. प्रत्येक मूळ अवयवात एक मिळवून गुणाकार करा: ६ × १२ × २४ × ११५४ = १९,९४,११२. (अवयव एकेकदाच आलेत म्हणून हे इतकं सोपं; एखादा दोनदा आला असता तर त्याच्यासाठी १ + प + प² घ्यावं लागलं असतं.) यातून आपली संख्या वजा केली की ५,३५,५६७. स्वतःपेक्षा लहान विभाजकांची बेरीज संख्येपेक्षा कमी भरली, म्हणून ही न्यून संख्या. यात नवल नाही. विषम संख्या सहसा न्यूनच असतात. ही बेरीज संख्येच्या वर जाणारी सर्वांत लहान विषम संख्या ९४५ आहे.

१पासून १४,५८,५४५पर्यंतच्या किती संख्यांचा आपल्या संख्येशी १ सोडून एकही समान विभाजक नाही? आता एक मिळवायच्या ऐवजी एक वजा करा: ४ × १० × २२ × ११५२ = १०,१३,७६०. म्हणजे जवळजवळ सत्तर टक्के.

मला सगळ्यात आवडतो तो वर्गांचा प्रश्न. कुठल्याही वर्गाला चाराने भागलं तर बाकी ० किंवा १ राहते, त्यामुळे चाराने भागल्यावर ३ उरणारी संख्या दोन वर्गांची बेरीज असूच शकत नाही. आपल्या संख्येला चाराने भागलं तर बाकी १. म्हणजे आशा आहे असं वाटतं. पण खरा नियम अवयवांवर चालतो: चाराने भागल्यावर ३ उरणारा प्रत्येक मूळ अवयव सम वेळा आलेला हवा. आपल्याकडे ११ आणि २३ दोघेही त्याच जातीचे आणि दोघेही एकेकदाच. बाक्यांचा गुणाकार ३ × ३ = ९, म्हणजे परत १, आणि त्यामुळेच वरवर बघताना दोघे झाकले गेले. दोन वर्गांची बेरीज अशक्य. (एकटा ११५३ मात्र बसतो: ३३² + ८².)

तीन वर्ग चालतील का? लजाँद्रच्या नियमानुसार ४च्या घाताने भागून टाकल्यावर आठाने भागून ७ उरणाऱ्या संख्याच तेवढ्या अडतात. आपली बाकी १, म्हणून चालतील. शोधायचे कसे? सर्वांत मोठा वर्ग काढून बघा, कधी कधी पहिल्याच फटक्यात जमतं. १४,५८,५४५ − १२०७² = १६९६. आता १६९६ = १६ × १०६, आणि १०६ = ८१ + २५. सोळा आत घेतला की:

१४,५८,५४५ = १२०७² + ३६² + २०²

वर्गांच्या वजाबाकीची वाट

अवयव शोधायची दुसरीही एक वाट आहे. ती पहिलीपेक्षा देखणी, पण भरवशाची नाही. विषम संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत मांडता आली की (क − ख)(क + ख) असे अवयव आपसूक पडतात. फर्माने सुमारे १६४३मध्ये एका पत्रात २,०२,७६,५१,२८१ ही संख्या या रीतीने फोडली: ४४,०२१ × ४६,०६१. त्याच्या जवळजवळ तीनशे वर्षं आधी, १३५६मध्ये, नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’त हीच कल्पना दिली होती.

कृती अशी. वर्गमुळाच्या लगेच वरची पूर्ण संख्या घ्या, तिच्या वर्गातून आपली संख्या वजा करा, आणि उरलेला आकडा पूर्ण वर्ग आहे का ते बघा. नसेल तर एकाने पुढे जा.

१२०८² − १४,५८,५४५ = ७१९. २६ चा वर्ग ६७६, २७ चा ७२९. नाही.
१२०९² − १४,५८,५४५ = ३१३६. हा ५६ चा वर्ग!

दुसऱ्याच पावलाला काम झालं. १२०९ − ५६ = ११५३ आणि १२०९ + ५६ = १२६५. वरच्या यादीतली शेवटची जोडी ती हीच. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ही रीत धावते. वर्ग तपासताना शेवटचा अंक आधी बघा. २, ३, ७ किंवा ८ असेल तर वर्गमूळ काढायच्या भानगडीत पडू नका.

दोन जिल्हे, दोन स्वभाव

आता जिल्ह्यांचे आकडे घ्या. दोन्ही राज्याच्या आकड्यापेक्षा लहान, म्हणजे काम कमी असेल असं वाटतं. उत्तर गोवा ८,१८,००८. शेवटचे तीन अंक ००८, म्हणून आठाने भाग जातो: १,०२,२५१. इथपर्यंत अर्धं मिनिट. पुढे वर्गमूळ ३१९, तिथवर ६६ मूळ संख्या, आणि त्यातल्या एकीनेही भाग जात नाही. १,०२,२५१ मूळ संख्या आहे, आणि हे ठरवायला २ धरून सगळ्या ६६ संख्यांच्या पुढे फुली मारावी लागते. मध्येच सोडता येत नाही. ३०७पर्यंत आलात म्हणून ती मूळ ठरत नाही. वर्गांच्या वजाबाकीने गेलात तर आणखी वाट लागेल. ३२०पासून सुरुवात करून थेट ५१,१२६पर्यंत जावं लागेल, कारण अवयव १ आणि तीच संख्या, एकमेकांपासून लांबात लांब.

दक्षिण गोवा ६,४०,५३७. गटांची वजाबाकी ५३७ − ६४० = −१०३; बाक्या ७ने २, ११ने ७, १३ने १. तिन्ही बाद. अंकांची बेरीज २५, म्हणून ३ही नाही. १७, १९, २३… शंभराव्या मूळ संख्येपर्यंत, म्हणजे ५४१पर्यंत, काही लागत नाही. एकशे एकावी मूळ संख्या ५४७, आणि तिने भाग जातो:

६,४०,५३७ = ५४७ × ११७१

दोन्ही मूळ. वर्गांच्या वाटेने ८०१पासून निघालं तर ८५९ वर अडतं: ८५९² − ३१२². म्हणजे ५९ पावलं. १०१ भागाकारांपेक्षा बरी. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात लवकर फुटला, आणि लहान दोघांनी घाम काढला. एखादी संख्या किती त्रास देईल ते तिच्या अंकांवरून कळत नाही. तिचा सर्वांत मोठ्याच्या खालोखालचा मूळ अवयव केवढा आहे त्यावर भागाकारांचा सगळा हिशेब ठरतो: राज्याच्या आकड्याचा तो २३, दक्षिणेचा ५४७. उत्तरेचा फक्त २, पण मागे उरलेली संख्या मूळ आहे याची खात्री पटवायलाच सगळा वेळ गेला.

अंकांचे खेळ

इथून पुढचे गुणधर्म संख्येचे कमी आणि ती दहाच्या पायात लिहिण्याच्या आपल्या सवयीचे जास्त. मला ते दुय्यम वाटतात, पण मुलांना यातच रस असतो, आणि मराठी माणसाला तर कापरेकरांमुळे असायलाच हवा. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला ‘हर्षद’ नाव दिलं. आपल्या अंकांची बेरीज ३२, सम, संख्या विषम. हर्षद नाही.

त्यांची दुसरी कल्पना ‘स्वयंभू’ संख्येची: कुठल्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी तयार होत नाही ती स्वयंभू. १४,५८,५४५ तशी आहे का? लाखो संख्या तपासायची गरज नाही. जन्म देणारी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज, दोघींची नवाने भागल्यावरची बाकी एकच. त्या दोघींची बेरीज आपली संख्या, जिची बाकी ५. दुप्पट केल्यावर ५ बाकी देणारी संख्या ७ (चौदा, म्हणजे ५). तेव्हा अंकांची बेरीज ७, १६, २५, ३४ किंवा ४३ यांपैकीच असणार. या टापूत ती ४९च्या वर जाऊ शकत नाही. पाचच उमेदवार. तिसऱ्यालाच जुळतं: १४,५८,५२० च्या अंकांची बेरीज २५, आणि १४,५८,५२० + २५ = १४,५८,५४५. स्वयंभू नाही; जन्मदाता सापडला. गंमत म्हणजे लोकसंख्या विधानसभेच्या ४० मतदारसंघांत सारखी वाटली तर प्रत्येकी ३६,४६३ येतात आणि २५ उरतात, म्हणजे वाटले गेले तेही १४,५८,५२०च. निव्वळ योगायोग, यात अर्थ शोधू नका.

पालिंड्रोम होता होता राहिला आहे: मधले पाच अंक ४५८५४ उलटसुलट सारखे. चार माणसं कमी मोजली गेली असती तर १४,५८,५४१ झालं असतं. संगणकाच्या दोनच्या पायात ही संख्या १ ०११० ०१०० ०००१ ०१११ ०००१ अशी, आणि सोळाच्या पायात (जिथे दहा ते पंधरासाठी A ते F ही अक्षरं वापरतात) १६४१७१. त्यात एकही अक्षर येत नाही.

अंक वाढले की

दहा अंकी संख्येला, म्हणजे मोबाईल नंबराएवढ्या, एक लाखापर्यंतच्या ९,५९२ मूळ संख्या तपासाव्या लागू शकतात. तिथे हाताचं काम संपतं. संगणकालाही पुढे मर्यादा आहेत, आणि इथे एक फरक नीट धरून ठेवा: एखादी संख्या मूळ आहे की नाही हे सांगणं सोपं, ती मूळ नसल्यास तिचे अवयव काढणं कठीण. पहिल्या कामासाठी नेमकी आणि वेगवान रीत असते, हे २००२मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. दुसऱ्या कामासाठी तशी रीत कुणाला सापडलेली नाही. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांची १९७७ची आरएसए ही संदेश सांकेतिक करून गुप्त ठेवायची पद्धत याच अडचणीवर उभी आहे. दक्षिण गोव्याचा आकडा त्याच घडणीचा आहे, दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार, फक्त अगदीच छोटा. त्यांनी १९७७मध्ये आव्हान म्हणून दिलेली १२९ अंकी संख्या १९९४मध्ये फुटली. आरएसए-२५० ही २५० अंकी संख्या २०२०मध्ये.

मसावि काढायला मात्र अवयव लागतच नाहीत. शाळेत आपण मसावि अवयव पाडून काढायला शिकतो आणि त्यामुळे हे कायमचं विसरतो. पुरुष आणि स्त्रियांचे आकडे घ्या आणि युक्लिडच्या रीतीने मोठ्याला लहानाने भागत, बाकी पुढे नेत चला:

७,३९,१४० = १ × ७,१९,४०५ + १९,७३५
७,१९,४०५ = ३६ × १९,७३५ + ८,९४५
१९,७३५ = २ × ८,९४५ + १,८४५
८,९४५ = ४ × १,८४५ + १,५६५

आणि पुढे बाक्या येतात २८०, १६५, ११५, ५०, १५, ५, आणि मग शून्य. मसावि ५. दोघांनाही पाचाने भागून स्त्रियांचं पुरुषांशी गुणोत्तर १,४३,८८१ : १,४७,८२८, इतकं लहान केल्यावरच ते अतिसंक्षिप्त म्हणायचं. दर हजार पुरुषांमागे ९७३ स्त्रिया हा छापील आकडा यातूनच निघतो.

शेकडो अंकी संख्यांनाही ही रीत क्षणात लागू होते. २०१२मध्ये संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो सार्वजनिक आरएसए किल्ल्या (म्हणजे उघड ठेवलेले, दोन मोठ्या मूळ संख्यांचे गुणाकार) गोळा केल्या आणि त्यांचे आपापसातले मसावि काढले. किल्ली तयार करताना राउटरसारख्या काही उपकरणांनी मूळ संख्या पुरेशा यादृच्छिकपणे, म्हणजे अंदाज येणार नाही अशा, निवडलेल्याच नव्हत्या, त्यामुळे काही जोड्यांत एक मूळ अवयव सारखाच निघाला. मसावि हाच तो अवयव. त्याने भागलं की दुसरा. जी संख्या एकटी फोडायला जन्म पुरला नसता, ती शेजारच्या संख्येबरोबर ठेवल्यावर शाळेतल्या भागाकाराने फुटली.